भोंगाबाईचा बी फ्लॅट

तिचं भोंगाबाई हे नाव आम्ही शिक्षिकांनीच ठेवलं होतं आणि तिला ते आवडत असे. बालवाडीत तिचा वर्ग आणि माझा वर्ग शेजारी-शेजारी. मध्ये एक लाकडी पार्टिशन, तेही नुसतं नावाला. पलीकडे ती “उभे राहा” म्हणाली की अलीकडे माझीही निम्मी मुलं उभी राहत. मैदानाच्या टोकाला घसरगुंडीवर उलटं चढणारं पोर तिने व्हरांड्यातून हाक मारली की निमूट खाली यायचं. आणि ती गायला लागली की तोच आवाज असा काही गोल व्हायचा, की रडत आलेली मुलं दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आधीच गप्प होत.

त्या आवाजाला एका वर्षी घरघर लागली. आधी तिने मनावर घेतलं नाही. गरम पाणी पी, घशाला मफलर गुंडाळ, असं चाललं होतं. मग एका सकाळी गाण्याच्या ऐन मध्यावर तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत. मुलंही तोंड उघडून नुसती हवा सोडायला लागली. पार्टिशनच्या अलीकडून मला फक्त वीस-पंचवीस टायर पंक्चर झाल्यासारखा आवाज ऐकू आला.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. काळजीचं काही नाही, पण गप्प बसावं लागेल.

“गप्प म्हणजे अगदी गप्प. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण येतो. काही आठवड्यांनी हळू आवाजात बोलायला लागा. ओरडणं आणि गाणं मात्र वर्षभर विसरा.”

तिथून ती थेट स्टेशनरीच्या दुकानात गेली, एक छोटा पांढरा फळा आणि पेन घेतलं, दोरीने गळ्यात अडकवलं आणि शाळेत आली. मी विचारलं, “काय म्हणाल्या?” तिने सगळं लिहून दाखवलं आणि खाली एक ओळ जोडली, “वर्षभर? बघू!”

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी तिला समोर बसवलं आणि सुट्टी घे म्हणून समजावलं. ती मान हलवेना. मग त्या म्हणाल्या, “बरं, वर्गात मावशी आहेतच, बोलायचं काम त्या करतील. पण गाण्यांचं काय? एक स्पीकर घेऊ. सगळी गाणी भरून ठेवू. बटण दाबलं की झालं.”

भोंगाबाईने फळ्यावर लिहिलं, “खोकं थांबत नाही.”

मोठ्या बाईंना ते कळलं नाही, मला मात्र लगेच कळलं. चार वर्षांची मुलं गाणं म्हणतात तेव्हा एकाच्या हातात बूट असतो, एकीला मधेच शिंक येते, कुणी दुसरं कडवं सोडून तिसऱ्यात उडी मारतं. समोरचं माणूस तेवढ्यापुरतं थांबतं, सगळ्यांना गोळा करतं आणि पुढे जातं. खोकं आपलं वाजत सुटतं आणि मुलं त्याच्याकडे बघत उभी राहतात.

“मग करणार काय तू?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“वाजवणार,” तिने लिहिलं. काय वाजवणार, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

वाद्यांच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेले, तिची वाचा म्हणून. दुकानदार हडकुळा माणूस, चष्मा कायम कपाळावर. पेटी तिला नको होती, कारण पेटीमागे बसलं की मुलांचे पाय दिसत नाहीत, आणि लहान मुलांच्या वर्गात सगळ्या भानगडी पायांपासून सुरू होतात. गिटार तिने उचलून पाहिली आणि परत ठेवली. एवढं धूड गळ्यात घालून वाकलं तर दोन-चार मुलांची डोकी फुटतील, असं तिने खुणेनेच सांगितलं. मग दुकानदाराने भिंतीवरून युकुलेले काढून दिलं. चार तारांचं, कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढं. तिने ते छातीशी धरलं आणि आरशात पाहिलं. तिच्या भरदार अंगावर ते खेळण्यासारखं दिसत होतं.

दुकानदाराने तिचं एक बोट एका तारेवर ठेवलं. “छेडा. हा सी.”

तिने छेडलं. स्वच्छ, गोड आवाज आला. तिने लिहिलं, “एवढंच?”

“आज एवढंच,” दुकानदार म्हणाला. “उद्यापासून तुम्ही मला शिव्या घालाल.”

घरी तिच्या सासूबाईंनी त्या वाद्याचं नाव दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सांगितलं, आणि त्यांनी ते ‘उकळलेलं’ असं कायमचं ठरवून टाकलं. “सूनबाई, तुझं उकळलेलं सोफ्यावर पडलंय, उचल, नाहीतर कुणीतरी बसेल त्यावर.” नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो पहिल्या संध्याकाळी घरात शिरला आणि दारातच थबकला. “एवढी शांतता? मला वाटलं, चुकून वरच्या मजल्यावर उतरलो.” तिने फळ्यावर त्याला काय लिहून दाखवलं ते तिने मला कधी सांगितलं नाही.

खरी अडचण वर्गात होती. फळा मोठ्यांसाठी ठीक, पण तिच्या मुलांना अजून अक्षरओळख नव्हती. मावशी बोलायच्या, पण मावशींचं सगळं बोलणं एकाच पट्टीत. ‘बसा’ आणि ‘आग लागली’ त्या सारख्याच शांतपणे म्हणत. तेव्हा भोंगाबाईने एक शक्कल लढवली. सी वाजला की बसायचं. एफ वाजला की उभं राहायचं. शब्द नाहीत, काही नाही. पहिल्या दिवशी तिने वाजवून स्वतःच बसून दाखवलं, उठून दाखवलं. मुलांना तो खेळ इतका आवडला की दोन दिवसांत वर्ग तारेवर चालायला लागला. माझी मुलंही, अर्थात. मी मोजणी शिकवत असायचे आणि पलीकडे एफ वाजला की माझा अख्खा वर्ग उठून उभा.

मग तिने ठरवलं, आता गाणं. तिने स्वतः रचलेलं एक गाणं होतं, गावाला निघालेल्या आणि वाटेत एकेक वस्तू विसरत जाणाऱ्या बदकाचं. सत्राच्या शेवटी पालकांसमोर कार्यक्रम असायचा आणि तिचा वर्ग दरवर्षी तेच म्हणायचा. ती ते ज्या पट्टीत गायची त्या पट्टीत तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या स्वरांच्या तीन मांडण्या, लागत होत्या. एफ, सी आणि बी फ्लॅट.

बी फ्लॅट ऐकल्यावर दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “ही कॉर्ड अवघड आहे हां. भल्याभल्यांनी हिच्यापायी वाद्य माळ्यावर टाकलंय. पहिलं बोट असं आडवं. दोन तारा एकट्याने दाबायच्या. मधलं बोट इथे, तिसरं त्याच्याही वर. बघा.”

तिने बघितलं, बोटं ठेवली, छेडलं. खर्र! एक तार वाजली, एक मेली, दोन कुरकुरल्या.

“गाणं सीच्या पट्टीत घ्या ना,” दुकानदार म्हणाला. “सोपं जाईल.”

तेही तिने करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पलीकडून मला गाण्याऐवजी गुरगुर ऐकू आली. पट्टी खाली गेल्यामुळे मुलांचे आवाज पोचतच नव्हते. हनुवटी छातीला लावून मुलं नुसतीच पुटपुटत होती. संध्याकाळी तिने माझ्यासमोर फळा धरला, “त्यांचे गळे तिथे बसत नाहीत. माझं बोट बसवते.”

“आणि बोटही नाही बसलं तर?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती ‘मला पालेभाजी आवडत नाही’ म्हणणाऱ्या मुलाकडे बघते.

बोटं तिची आखूड आणि जाड. पहिलं बोट आडवं टाकलं की मधोमध वर उचललं जायचं. जोर लावला की अंगठा पांढराफटक पडायचा आणि मनगट दुखायचं. ती बसमध्ये छत्रीच्या दांड्यावर बी फ्लॅट धरायची. जेवताना सासूबाईंना वाढायच्या डावावर धरायची. “सूनबाई, डाव सोड, आमटी गार होतेय,” सासूबाई म्हणायच्या. वर्गातही तिने तो वाजवायचा सोडला नाही. रोज सी, एफ, आणि मग खर्र. त्या आवाजाला मुलं पहिल्या दिवशी खदखदून हसली. कुणीतरी ओरडलं, “बदक!” आणि एक पोरगी उकिडवी बसून बदकासारखी चालायला लागली. मागोमाग सगळा वर्ग. भोंगाबाईने क्षणभर पाहिलं आणि तोही हुकूम करून टाकला. खर्र वाजलं की बदक व्हायचं आणि रांगेने हात धुवायला जायचं. मुलं इतक्या हौसेने हात धुवायला त्याआधी कधीच गेली नव्हती.

पण बी फ्लॅट काही येईना. तेव्हा तिने काय केलं ते मला फार आवडलं. तिने स्वतःला आपल्या वर्गात बसवलं.

लहान मुलाला कोटाचं बटण लावायला शिकवायची तिची एक पद्धत होती. पहिल्यापासून सुरुवात करायचीच नाही. बटण काजात जवळजवळ पूर्ण घालून द्यायचं आणि शेवटचं ओढणं तेवढं मुलाला करू द्यायचं. ते आलं की त्याआधीची एक पायरी. असं उलटं उलटं येत गेलं की पोराला कधीच वाटत नाही की आपल्याला जमलं नाही, कारण प्रत्येक वेळी बटण लागलेलंच असतं. तिच्या वर्गातून बटण न शिकता एकही मूल पुढे गेलेलं नव्हतं.

तेच तिने बोटांवर केलं. उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून जागेवर बसवली, जशी दुसऱ्याचीच बोटं असावीत. मग फक्त दाबायचं आणि सोडायचं. छेडायचंसुद्धा नाही. मग बोटं तारांपासून केसभर उचलायची आणि परत ठेवायची. मग जरा जास्त उचलायची. एफवरून तिथे उडी मारणं हे सगळ्यात शेवटी. हळूहळू बोटांचा आकार बसला. डोळे मिटून हात तिथे जायला लागला. तोवर तिला हळू आवाजात बोलायची परवानगीही मिळाली होती.

“आकार आलाय,” ती मला म्हणाली. “आवाज का येत नाही, हे आता त्या दुकानदारानेच सांगायचं.”

आम्ही पुन्हा दुकानात. ती आत शिरली ती तक्रार घेऊनच. “बोट बघा माझं. वाकडं आहे? नाही. जागेवर आहे? आहे. मग ही तार का कुरकुरते?”

दुकानदाराने तिची बोटं पाहिली. मग वाद्य हातात घेऊन स्वतः बी फ्लॅट धरला आणि त्याच्याही कपाळाला आठी पडली. तारा वाद्याच्या मानेच्या टोकाला एका पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून जातात. त्याने डोळा बारीक करून त्या पट्टीकडे पाहिलं.

“खाचा उथळ आहेत,” तो म्हणाला. “तारा इथे उंच राहिल्यात. म्हणून पहिल्या पडद्यावर, या मानेवरच्या पहिल्या आडव्या तारेपाशी, दुप्पट जोर लागतोय. विकण्याआधी मीच बघायला हवं होतं.”

“म्हणजे इतके दिवस मी माझ्या बोटाला शिव्या घातल्या त्या तुम्हाला घालायच्या होत्या?”

“मी म्हणालो होतो की घालाल म्हणून,” दुकानदार म्हणाला आणि कानस घेऊन बसला. त्याने तारा सैल केल्या, खाचा जपून जपून खोल केल्या, परत सुरात लावलं आणि वाद्य तिच्या हातात दिलं.

तिने धरलं, छेडलं. तीन तारा वाजल्या. चौथी अजून मुकी.

मी म्हटलं, “दाब अजून.” पण ती दाबण्याच्या पलीकडे गेली होती. तिने बोट उचलून त्याच्याकडे निरखून पाहिलं. कातडीवर तारांच्या दोन खुणा उमटल्या होत्या आणि त्यातली एक नेमकी सांध्याच्या घडीत होती. घडीतल्या खळग्यात तार जाऊन बसत होती, मग दाब लागणार कुठून? तिने बोट किंचित वर सरकवलं, जरासं कडेवर कलतं केलं, कोपर पोटाशी घेतलं आणि छेडलं.

दुकानात तो बी फ्लॅट असा काही घुमला की शेल्फवरची एक गिटारही बारीकशी गुणगुणली. दुकानदाराने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.  भोंगाबाईने तो बी फ्लॅट परत वाजवला. आणि परत. आणि आम्हाला तिला दुकान बंद व्हायची वेळ झाली म्हणून बाहेर काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि पार्टिशनला कान लावला. सी. पाय बसले. एफ. पाय उठले. आणि मग बी फ्लॅट, स्वच्छ, भरलेला, चारही तारांचा. पलीकडे एकही पाय हलला नाही.

मग एक बारीक आवाज आला. “बाई, हे काय आहे?”

“बाई, खर्र कुठे गेलं?”

“आम्हाला बदक पाहिजे!”

एक पोरगं चक्क रडायला लागलं. मधल्या सुट्टीत ती डोळे पुसत माझ्याकडे आली. हसून हसून पाणी आलं होतं. “एवढ्या खटपटीने मिळवला,” ती म्हणाली, “आणि त्यांना परत हवाय तो मोडका.” शेवटी तडजोड झाली. हात धुवायला जाताना ती बोट मुद्दाम ढिलं सोडायची आणि गाण्यात घट्ट धरायची.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मोठ्या बाई, त्यांच्या मागे पालक, मोबाइल वर करून. सासूबाई आणि नवराही आले होते. मी माझी मुलं घेऊन पडद्याच्या बाजूला उभी होते. गाण्यात शेवटी एक ओळ एकटीने म्हणायची होती, ‘दार उघडा, मी आले!’ ती ओळ पिटुकलीला दिली होती. पिटुकली म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, आवाज सुईसारखा बारीक आणि सुईसारखाच सरळ. तिच्या ओळीच्या आधी बी फ्लॅट यायचा आणि त्याच्यावर तिने सुरुवात करायची.

गाणं मजेत चाललं. भोंगाबाई बाजूला एका छोट्या खुर्चीवर बसून नुसत्या डोळ्यांनी आणि तारांनी मुलांना पुढे नेत होती. बदक छत्री विसरलं, पिशवी विसरलं, दारापाशी आलं. बी फ्लॅट वाजला. पिटुकली एक पाऊल पुढे आली, तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. तिच्या बुटाची नाडी सुटली होती.

नाडी सुटली की पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा त्या वर्गाचा नियम. पिटुकली तिथेच खाली बसली आणि नाडी बांधायला लागली.

सभागृहात खसखस पिकली. मावशी विंगेतून पुढे सरसावल्या, ओळ ओरडून सांगायच्या बेतात. भोंगाबाईने नुसती मान हलवली, नको. आणि ती बी फ्लॅट वाजवत राहिली. हलक्या हाताने, त्याच लयीत, जणू गाण्यात ही जागा पहिल्यापासूनच होती. पिटुकलीने नाडीचा एक फास, म्हणजे सशाचा एक कान केला. दुसरा कान केला. पहिला सुटला. तिने परत केला. बी फ्लॅट चालूच. मला बाजूने भोंगाबाईचा डावा हात दिसत होता. अंगठा पांढरा पडला होता, मनगटाची शीर वर आली होती, पण चेहऱ्यावर घाई म्हणून नाही. पोर बूट बांधतंय, बांधू दे.

शेवटी बोट थकलं. एकदाच सरकलं आणि सभागृहभर ऐकू आलं, खर्र!

त्याबरोबर स्टेजवरची सगळीच्या सगळी मुलं उकिडवी बसली आणि बदकं होऊन चालायला लागली. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गलबल्यात भोंगाबाईने बोट परत जागेवर घेतलं, बी फ्लॅट पुन्हा स्वच्छ उमटला, पिटुकली उठून उभी राहिली, बूट जमिनीवर आपटून पाहिला आणि मग हात पसरून म्हणाली,

“दार उघडा, मी आले!”

सुरात. अगदी तारेवर तार.

बाहेर पडताना मोठ्या बाई तिच्यापाशी थांबल्या. “तो स्पीकर मी मागवणार होते,” त्या म्हणाल्या. “राहू दे.” सासूबाई दोन पायऱ्या मागे होत्या. त्यांनी मोठ्या बाईंना अडवून सांगितलं, “आमच्या घरी रोज वाजतं हो ते. उकळलेलं.”

वर्ष संपलं तेव्हा गाठी विरल्या होत्या. आवाज परतला तो थोडा जाडसर होऊन, तळाला जरासा खरखरीत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की गा, पण जपून. ती गाते, जपून मात्र नाही. तरी वर्गात ओरडणं तिने सोडलं ते सोडलंच. गरजच उरली नाही. माझ्या मुलांनाही आता सी आणि एफची इतकी सवय झाली आहे की मीसुद्धा एक युकुलेले घेतलं. माझी गाडी एफपाशी अडली आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

दुकानदार मात्र बी फ्लॅटला वैतागून वाद्य परत करायला आलेली माणसं आता तिच्याकडे पाठवतो. शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, तिच्या वर्गातल्या गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर मोठमोठी माणसं अवघडून बसलेली असतात. परवा एक ट्रक ड्रायव्हर आला होता. दाराएवढा माणूस. त्याने दारातूनच पंजा पुढे केला.

“बाई, ही बोटं बघा. या बोटांनी हे वाद्य वाजायचं नाही. देवाने ती स्टिअरिंगसाठीच दिलीत.”

भोंगाबाईने त्याचा पंजा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, प्रत्येक बोटाचा सांधा वाकवून पाहिला.

“कोटाचं बटण स्वतः लावता?” तिने विचारलं.

“लावतो की.”

“मग बसा,” ती म्हणाली आणि एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली.